बोरूचा चाकू

खंडेनवमीला आमच्या पडेगावच्या घरी पाटावर जी हत्यारे मांडतात, त्यांत तलवार-भाला काही नाही. एक विळी, एक खुरपे, माझे लिहिण्याचे पेन आणि वडिलांचा मिटता चाकू, एवढाच आमचा शस्त्रसाठा. अण्णा त्याला अखेरपर्यंत ‘बोरूचा चाकू’ म्हणत. शाळेत असताना बोरू छाटण्यासाठी आजोबांनी तो त्यांना दिला होता. बोरू गेला, टाक गेला; चाकू मात्र दगडावर घासून घासून अर्धा झाला, तरी खिशातून गेला नाही.

यंदा हळदकुंकू वाहता वाहता सातवीतली माझी मुलगी म्हणाली, “बाबा, ह्या दिवाळीत आकाशकंदिलाच्या कामट्या मीच तासणार. मला माझा चाकू हवा.”

“पोरीच्या हातात चाकू काय देता?” आतून आवाज आला.

त्या आवाजात भीती होती, आणि ती अकारण नव्हती. दहा वर्षांचा असताना ह्याच चाकूचे टोक मी एका बांबूत जोराने खुपसले होते. मिटत्या चाकूला खटका नसला, म्हणजे पाते केवळ पाठीच्या कमानीच्या दाबावर उभे असते. ते मिटले आणि माझ्या तर्जनीत रुतले. व्रण अजून आहे. अण्णांनी हळद भरली, चिंधी बांधली, चाकू पुसला, आणि जखम भरल्यावर तो पुन्हा माझ्याच हातात दिला. “टोकाने खुपसायचे नाही. धारेने तासायचे, तेही आपल्यापासून दूर,” एवढेच म्हणाले.

मी शहरात गेलो. दुकानदाराने दोन चाकू पुढे ठेवले. एक लखलखीत, एक जरा काळसर. पोलाद कोणते, असे विचारले, तर “इम्पोर्टेड आहे, मास्तर!” हे उत्तर. मी रिकाम्या हाताने परतलो आणि पुस्तके काढून बसलो. त्यांत जे सापडले ते वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

पोलादाला जुन्या मराठीत ‘तिखे’ असा नेमका शब्द होता. आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात, आजच्या तेलंगणातील निजामाबादकडे, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथले कारागीर दोन ठिकाणचे लोखंड मातीच्या मुशीत घालून, तोंड लिंपून, दिवसरात्र भट्टी फुंकत आणि मूस सावकाश निवू देत. सर्वेक्षण खात्यातील डॉक्टर हेन्री व्हॉयसी ह्यांनी ते डोळ्यांनी पाहिले. त्यांचे टिपण १८३२ साली छापून आले. हे तिखे खरेदी करायला थेट इस्फहानचा व्यापारी तिथे येऊन बसलेला त्यांना आढळला!

त्याआधीची गोष्ट तर थेट आपल्या चाकूचीच आहे. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट ह्यांनी अशा हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांना पाठवले. इंग्रज त्याला ‘वूट्झ’ म्हणू लागले. त्याचे काय करून पाहावे? बँक्सनी जेम्स स्टोडार्ट नावाच्या चाकू-कारागिराकडून त्याचा पिसाची लेखणी छाटायचा लहानसा चाकू घडवून घेतला! अंधारातच लाली दिसावी इतक्या बेताच्या आचेवर तो ठोकला होता. उत्तमोत्तम पोलादी चाकूसारखाच तो कापतो, असा निर्वाळा डॉ. जॉर्ज पिअर्सन ह्यांनी १७९५ च्या आपल्या निबंधात दिला. पुढे विजेच्या धड्यात ज्याचे नाव येते तो मायकेल फॅरेडे ह्याच स्टोडार्टबरोबर पोलादावर प्रयोग करीत बसला. १८२० आणि १८२२ साली त्यांचे निबंध निघाले. आमच्या मुशीवाल्यांपैकी मात्र कुणाचे नाव कुठे नाही. १८५६ मध्ये बेसेमरची रीत निघाली, पोलाद स्वस्त झाले, आणि ह्या भट्ट्या विझत गेल्या.

ह्या पोलादाचे मर्म कर्बात होते, शेकडा सुमारे दीड. कर्ब जास्त तितके पाते कडक आणि धार टिकाऊ. पण गंज ठरलेला. अण्णांचा चाकू ह्याच कुळातला. लिंबू कापून पुसला नाही, तर रातोरात डाग. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रेअरलीने पोलादात शेकडा तेराच्या आसपास क्रोमियम घातले, आणि गंज हटला. तेव्हा तिथलेच चाकूवाले थट्टा करीत, की ह्याचे चाकू कापतच नाहीत. ती उणीव पुढे बरीच भरून निघाली.

आता कडकपणा. रॉकवेलच्या मापावर साठाच्या वर गेलेले पाते धार खूप दिवस धरते. पण घरच्या दगडाला दाद देत नाही, आणि टोकाची कपची उडते. छप्पन-अठ्ठावन्नचे पाते लवकर बोथटते, पण दहा मिनिटांत पुन्हा धारेवर येते. ज्याला धार लावायला शिकायचे आहे, त्याला हेच बरे.

खटक्याचे काय? १८९१ साली कार्ल एल्सेनरने स्वित्झर्लंडच्या सैनिकांना दिलेल्या चाकूलाही खटका नव्हता. मात्र काही चाकूंत पात्याचा बुंधा चौकोनी ठेवतात. त्यामुळे मिटताना पाते काटकोनात एकदा अडते, बोटांना सावध व्हायला क्षण मिळतो. माझ्या तर्जनीला तो क्षण मिळाला नव्हता.

तसाच चाकू शोधून आणला. न गंजणारे पाते, अडीच इंच, छप्पनचा कडकपणा, शिसवी मूठ, काटकोनात अडणारा. सोबत धारेचा दगड.

वसुबारसेला ती ओसरीवर कामट्या तासत बसली. चौथ्या कामटीला बोटाला ओरखडा उठलाच. तिने आधी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी हळद लावली, पाते पुसले आणि हात पुढे केला. तिला वाटले, चाकू आता कपाटात जाणार. मी तो मूठ तिच्याकडे करून दिला.

आतून कुणी काही बोलले नाही. कंदील थोडा वाकडा झाला आहे. पण लागला आहे.