बोहाड्याची रात्र आणि पहाटेचा परतीचा प्रवास



होळी झाली की जव्हार-मोखाडा भागातल्या कितीतरी घरांत एक संवाद ठरलेला असतो.

"आई, आम्ही बोहाड्याला चाललोय."
"कोणकोण?"
"आपल्या पाड्यातलीच पोरं."
"जाणार कसे?"
"गाडी आहे ना."

इथे बोलणे संपते. "आणि येणार कसे?" हा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. आजचा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल आहे. दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे महत्त्व जरा जास्तच कळते, कारण उत्सव संपल्यावर येणारे रुग्ण नाचताना जखमी झालेले नसतात. ते घरी परतताना जखमी झालेले असतात.

जे या भागातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोहाडा म्हणजे मुखवटे घालून सोंगे नाचवण्याचा उत्सव. गणपती, सरस्वती, नृसिंह, रावण अशी एकेक सोंगे संबळ-सनईच्या तालावर येतात आणि हा खेळ रात्रभर चालतो. मोखाड्याचा बोहाडा प्रसिद्ध आहे. लांबलांबच्या पाड्यांवरून माणसे येतात, आणि त्यांत पंधरा ते एकोणीस वर्षांची मुले-मुली भरपूर असतात. वर्षभर आश्रमशाळेत किंवा कॉलेजात असलेल्या मित्रमैत्रिणींची भेटही याच रात्री होते. त्यामुळे "जाऊ नका" असे मी सांगणार नाही. सांगून कोणी ऐकणारही नाही, आणि ऐकू नयेच. आपण फक्त परतीच्या वाटेचा इतिहास पाहू. त्यातूनच उपाय सापडतो.

चालत जाण्याचा काळ

१९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. त्या काळी पाड्यावरच्या माणसासाठी जत्रेला जाणे म्हणजे चालत जाणे. डोंगरातली पायवाट, हातात पलिता, आणि सोबत अख्खा पाडा. वाटेत विंचू-काटा होता, ठेच होती, पण त्या प्रवासाला तीन गोष्टींचे संरक्षण आपोआप मिळत होते. पहिली, सगळे एकत्र निघायचे आणि एकत्र परतायचे. दुसरी, सोंगे रात्रभर चालत, त्यामुळे परतीची वाट उजेडात चालायची असे. तिसरी, सोबत मोठी माणसे असत.

चौथी गोष्ट सर्वात मोठी होती, ती म्हणजे वेग. माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर चालतो. झोपेत पाय अडखळला तर गुडघा फुटतो. मोटारसायकल ताशी ५० किलोमीटरने जाते, म्हणजे दहापट वेगाने. पण आदळताना शरीरावर येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून वेग दहापट झाला की ऊर्जा शंभरपट होते. तीच झोप, तीच डुलकी, पण गुडघ्याऐवजी आता कवटी फुटते.

चाके आली आणि पाडा विखुरला

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही एसटीची पहिली बस धावली. पुढच्या दशकांत लाल गाडी महाराष्ट्राच्या डोंगराळ तालुक्यांतही पोहोचली. बसमध्येही समूह टिकून होता. चालक नोकरीवरचा होता, सोबत वाहक होता, आणि चालक बोहाड्यात नाचून आलेला नव्हता.

नंतर काळी-पिवळी जीप आली, मालवाहू पिकअप आणि टेम्पो आले, आणि घराघरांत मोटारसायकल आली. सोय झाली, हे खरेच. गरोदर बाई रात्री रुग्णालयात पोहोचू लागली ती यामुळेच. पण उत्सवाच्या रात्रीचे जुने संरक्षण मात्र सुटले. पाड्याचा समूह तीन-तीन जणांच्या मोटारसायकलींवर वाटला गेला. रात्रभर जागलेल्या मुलांपैकीच एक जण चालक झाला. मोठे माणूस सोबत राहिले नाही. आणि गाडी असल्यामुळे उजाडण्याची वाट पाहण्याचे कारणही उरले नाही. पहाटे तीनला कंटाळा आला की निघायचे, असे झाले.

डॉक्टरांनी अपघाताकडे कधी पाहिले?

बराच काळ अपघात म्हणजे नशीब किंवा निष्काळजीपणा, एवढेच मानले जाई. हे बदलायला काही डॉक्टर कारणीभूत ठरले.

१९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागून वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. पुढे त्यांनी निरोप पोचवणाऱ्या लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. केर्न्स यांनी स्वारांना "जपून चालवा" म्हणण्यावर समाधान मानले नाही. अपघात होणारच, पण डोके वाचू शकते, असा त्यांचा विचार होता.

१९५९ मध्ये स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी आज आपण वापरतो तो तीन बिंदूंचा सीटबेल्ट तयार केला. मग अमेरिकेत विल्यम हॅडन या डॉक्टरांनी हा सगळा विचार एका तक्त्यात बसवला. ते म्हणाले, मलेरियाकडे पाहतो तसे अपघाताकडे पाहा. अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर असे तीन टप्पे करा. प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन आणि परिसर यांत काय बदलता येईल ते लिहून काढा. म्हणजे सगळे ओझे एकट्या चालकाच्या शहाणपणावर राहत नाही. डॉक्टरांच्या जगात याला 'हॅडन मॅट्रिक्स' म्हणतात.

दारू प्यायली नव्हती, तरीही

दारूचे गणित तुम्हाला माहीत असते. रक्तातल्या दारूच्या प्रमाणावर कायद्याने मर्यादा घालणारा पहिला देश नॉर्वे, साल १९३६. आपल्याकडे ही मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. म्हणून पालक विचारतात, "चालवणारा पिणारा नाही ना?" उत्तर "नाही" आले की निश्चिंत होतात.

इथेच गफलत होते. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी जागरण आणि दारू यांची थेट तुलना केली. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांची चपळता रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी खालावली होती. २४ तास जागरणानंतर ती साधारण १०० मिलिग्रॅमइतकी झाली होती.

आता हिशोब करा. मुलगा सकाळी सहाला उठला, दिवसभर कामात होता, रात्रभर बोहाड्यात होता आणि पहाटे सहाला गाडीला किक मारतो. त्याने थेंबभरही घेतलेली नाही. पण त्याचे शरीर कायदेशीर मर्यादेच्या तिप्पट दारू प्यायल्यासारखे वागते. त्यातच मध्यरात्र ते पहाट हा शरीराच्या घड्याळाप्रमाणे झोप सर्वात अनावर होण्याचा काळ. दोन-तीन सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागल्याचे चालवणाऱ्याला कळतही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने ३ सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. तोरंगण घाटातल्या वळणावर ५० मीटर म्हणजे काय, हे त्या रस्त्याने गेलेल्याला सांगायला नको.

वेलँडच्या शाळेतला करार

तरुण मुले, रात्रीचा उत्सव आणि परतीचा प्रवास हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत शालेय शिक्षण संपताना 'प्रॉम' नावाचा नाचाचा समारंभ असतो, आणि प्रॉमच्या रात्री पालकांच्या जिवाला घोर असतो. १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेलँड गावच्या शाळेतले दोन विद्यार्थी एकाच आठवड्यात वेगवेगळ्या अपघातांत गेले. तिथले शिक्षक रॉबर्ट अनास्तास यांनी मुलांना सोबत घेऊन चळवळ सुरू केली. तिचे मुख्य साधन होते एक कागद, मुलगा आणि पालक यांच्यातला करार.

मुलाने लिहून द्यायचे, की चालवणारा प्यायलेला असेल तर मी त्या गाडीत बसणार नाही, कितीही वाजले असले तरी घरी फोन करीन. पालकांनी लिहून द्यायचे, की कुठेही, कधीही आम्ही न्यायला येऊ किंवा सोय करू, आणि त्या वेळी एक शब्दही बोलणार नाही. काय बोलायचे ते नंतर, शांतपणे.

कराराचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रागाच्या भीतीने मूल फोन करत नाही आणि डुलक्या घेणाऱ्या मित्राच्या मागे बसते.

१९८७ मध्ये न्यूझीलंडने नवशिक्या तरुण चालकांना टप्प्याटप्प्याने परवाना द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या टप्प्यात रात्री गाडी चालवायला आणि सोबती बसवायला मर्यादा घातली. कारण साधे आहे. पुढे अमेरिकेतल्या अभ्यासांतही दिसले, की किशोरवयीन चालकासोबत समवयस्क जितके जास्त, तितका जिवाचा धोका जास्त. ही मुले वाईट नसतात. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, आणि मित्रांच्या हशा-टाळ्यांत तो आणखी मागे पडतो.

हॅडनचा तक्ता आपल्या रात्रीवर मांडू

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा सर्वात मोठा होता. म्हणून पाड्यावर बसून हा तक्ता मांडायला हवा.

*निघण्याआधी:* परतीची गाडी, वेळ आणि चालक आदल्या दिवशी ठरवा. मुले पुरेशी असतील तर दोन-तीन पाड्यांनी मिळून एसटी आगारात प्रासंगिक कराराने बस मिळते का, विचारा. वर्गणी डोईला फार पडत नाही. जीप ठरवली तर चालक रात्री झोपलेला हवा. त्याच्यासाठी ओळखीच्या घरी अंथरूण सांगून ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. सोबत मोठे एक-दोघे पाठवा, मुलींच्या सोबत एखादी काकी किंवा मावशी.

*प्रवासात:* पिकअपच्या हौद्यात माणसे बसवू नका. तिथे धरायला काही नसते, आणि गाडी कलंडली की सगळे बाहेर फेकले जातात. जीपच्या टपावर आणि फुटबोर्डवर कोणी नाही. मोटारसायकल न्यायचीच तर दोघेच, आणि हेल्मेट दोघांना. निघताना मोजणी करा, पोचल्यावर पुन्हा करा. आणि सर्वात स्वस्त उपाय म्हणजे घाई न करणे. तिथेच तीन-चार तास पडा, ऊन वर आल्यावर निघा. आपले आजोबा-पणजोबा उजेडातच परतत होते.

*काही घडलेच तर:* १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. तो प्रत्येकाच्या तोंडपाठ हवा. खोडाळा, सूर्यमाळच्या बाजूला डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून रेंज कुठे मिळते ते जाताना पाहून ठेवा. जखमीची मान हलवू नका, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय यांपैकी जवळचे कोणते, हे आधी ठरवा. आणि मदत करायला घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यातही आले.

पालकांनो, वेलँडचा करार कागदावर लिहायलाच हवा असे नाही. मूल चप्पल घालत असताना एवढे म्हणा: "पहाटे कितीही वाजले, फोन कर. मी ओरडणार नाही." आणि मुलांनो, हा लेख तुम्ही वाचत असाल तर चालवणाऱ्या मित्राला विचारा, "तू शेवटचा कधी झोपलास?" उत्तर देताना तो हसला, तर त्याच्या हातातली किल्ली घ्या आणि दोघेही झोपा. सोंगे पुढच्या वर्षी पुन्हा नाचणार आहेत, आणि ती पाहायला तुम्ही सगळे हवे आहात.

काळजी घ्या.