व्यवसायसंस्थांचे दीर्घायुष्य

संस्थापकाच्या पश्चात पिढ्यानपिढ्या चालू राहण्याची व्यवसायसंस्थेची क्षमता. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार तेथील नव्या आस्थापनांपैकी सुमारे निम्म्या पहिल्या पाच वर्षांतच बंद पडतात. तगून राहणाऱ्या संस्थांच्या बाबतीत मागणी, वारसा, भांडवल आणि बदलाची तयारी हे घटक निर्णायक ठरतात.

मागणी व वारसा : ओसाका (जपान) येथील काँगो गुमी ही मंदिरे बांधणारी संस्था परंपरेनुसार इ. स. ५७८ मध्ये सुरू झाली. शितेन्नो-जी हे बौद्ध मंदिर बांधण्यासाठी कोरियातील बेकजे राज्यातून आलेला एक कारागीर तिचा मूळ पुरुष. लाकडी मंदिरे आगीत व वादळांत पडत, त्यामुळे डागडुजी आणि पुनर्बांधणीचे काम कधी तुटले नाही. थोरल्या मुलानेच कारभार पाहावा असा दंडक नव्हता. कर्तबगार जावयाला दत्तक घेऊन घराण्याचे नाव दिले जाई. १९३० च्या दशकात पतीच्या निधनानंतर योशिए काँगो यांनी धुरा सांभाळली.

भांडवल : १९८० च्या दशकातील तेजीत याच संस्थेने कर्ज काढून जमिनी घेतल्या. पुढे जमिनींचे भाव कोसळले. कर्ज मात्र डोक्यावर राहिले. २००६ मध्ये ताकामात्सु या बांधकाम समूहाने व्यवसाय ताब्यात घेतला. मंदिरबांधणी चालू राहिली, पण घराण्याची स्वतंत्र मालकी संपली. शेल या तेलकंपनीतील नियोजनतज्ज्ञ आरी द खूस यांनी ‘द लिव्हिंग कंपनी’ (१९९७) या ग्रंथात दीर्घायुषी संस्थांच्या लक्षणांमध्ये पैशाच्या व्यवहारातील सावधपणाची गणना केली आहे.

बदल : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांकडे वळले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे नांगर सुरुवातीला पडून राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे पंपांचे उत्पादन सुरू झाले. माल बदलत गेला, तरी शेतकरी हा ग्राहक कायम राहिला.

मर्यादा : असे निष्कर्ष बहुधा टिकलेल्या संस्थांवरून काढले जातात. हेच गुण असूनही बुडालेल्या संस्थांची दफ्तरे क्वचितच शिल्लक राहतात. त्यामुळे गुण आणि योगायोग यांचा वाटा वेगळा करणे अवघड जाते.