धानाच्या पंचांगावरची रंगभूमी

रंगभूमीचा इतिहास आपण नाटककार आणि नटांच्या नावांवरून मांडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातील झाडीपट्टी रंगभूमीचा इतिहास मात्र मला धानाच्या पंचांगावरून मांडावासा वाटतो. दिवाळीनंतर मंडई भरते, नवे धान घरात येते, हाती पैसा खेळतो आणि देसाईगंज-वडसा येथील नाटक कंपन्यांचा हंगाम उभा राहतो. होळीच्या सुमारास तो ओसरतो.

दिवसा शंकरपट, रात्री नाटक, ही गावोगावची जोडी. पाहुणे बैलांसाठी येत आणि नाटक पाहून पहाटे परतत. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. जोडीतला दिवस गेला, रात्र उरली. डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली. पण बंदीच्या वर्षांतही नाटके होतच राहिली. म्हणजे शंकरपट हे निमित्त होते, आधार नव्हता.

२०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि दिल्लीने या रंगभूमीची दखल घेतली. तिचा खरा आश्रयदाता मात्र तिकीट काढून रात्रभर जागणारा धान उत्पादकच आहे. म्हणून धानाचा भाव हा मला नाट्येतिहासाचाही विषय वाटतो.