२९,००२ मधले दोन फूट

हैदराबादहून नागपूरकडे जाताना वाटेत हिंगणघाट लागते. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन याच वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये तेथे वारले. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्यांनी सुरू केलेली त्रिकोणांची साखळी पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. हिमशिखरांची उंची काढता आली ती या कामाच्या आधारावर.

नेपाळात प्रवेश नव्हता. म्हणून १८४९-५० मध्ये उत्तर बिहारच्या सपाटीवरील सहा ठाण्यांवरून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, पंधराव्या क्रमांकाच्या शिखराचे कोन घेतले गेले. कलकत्त्याचे राधानाथ सिकदार यांनी त्यावरून गणित केले. उत्तरे सहा आली : २८,९९०.४, २८,९९१.६, २८,९९८.६, २९,००१.८, २९,००५.३ आणि २९,०२६.१ फूट. १८५६ मध्ये अँड्र्यू वॉ यांनी २९,००२ फूट ही उंची जाहीर केली.

उत्तर नेमके २९,००० आले. ते अंदाजपंचे वाटू नये म्हणून दोन फूट वाढवले, अशी एक गोष्ट सांगतात. वाचकांनी वरील आकड्यांची सरासरी काढून पाहावी. ती २९,००२.३ येते.

तरीही, उत्तरांतच सुमारे छत्तीस फुटांची तफावत असताना शेवटच्या दोन फुटांवर भरवसा किती ठेवायचा? प्रयोगशाळेत सार्थ अंक शिकवतात ते याचसाठी. मोजमापाला पेलतील तेवढेच अंक लिहायचे. सरासरी घेतली की कमी-जास्त चुका बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देतात. सर्व ठाण्यांना सारखी बाधणारी चूक मात्र तशीच राहते. हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतो आणि शिखर आहे त्याहून उंच दिसते. एवढ्या अंतरावर त्याची वजावट शेकडो फुटांची असते. ती किंचित चुकली तरी सहाही उत्तरे एकाच बाजूला सरकतात. १९५५ मध्ये उंची २९,०२८ फूट ठरली, म्हणजे जुन्या सहाही उत्तरांहून जास्त. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने ती ८,८४८.८६ मीटर जाहीर केली.

उत्सवाच्या वर्गणीचा हिशेब पैशापर्यंत जुळलाच पाहिजे, कारण तेथे आपण नुसते मोजतो. उंची, वजन, तापमान मापताना थोडा फरक राहणारच. तो किती असू शकेल हे सांगणे हाच तेथला चोख हिशेब. सरासरीबरोबर त्या सहा उत्तरांचीही नोंद राहिली, म्हणून आज आपल्याला त्या दोन फुटांचे मोल ठरवता येते.