तारेला कान लावणारं घराणं

'रिक्वेस्ट जातेय ना? मग नेमकं काय जातंय ते दाखव.' सॉफ्टवेअरच्या कुठल्याही ऑफिसात हा संवाद रोज कानावर पडतो. कोड वाचून उत्तर सापडेलच असं नाही. लिहिणाऱ्याला काय पाठवायचं होतं ते कोडमध्ये दिसतं. मधल्या लायब्रऱ्यांनी त्याचं काय केलं, ते बाहेर पडणारी रिक्वेस्ट पकडल्यावरच कळतं.

समजा, शोधायच्या चौकटीत कुणी 'पुणे' लिहिलं. प, उकार, ण आणि मात्रा अशी ही चार चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे एकूण १२. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं असा लिहितात. झाली ३६ अक्षरं. हे काम आपल्या कोडने केलं आणि लायब्ररीनेही इमानेइतबारे पुन्हा केलं, की प्रत्येक टक्क्याच्या चिन्हाचं '%२५' होतं आणि ३६ ची ६० होतात. सर्व्हर २०० हा यशाचा आकडा पाठवतो, सोबत रिकामी यादी. एररचा कुठे मागमूस नाही. जाणारा पत्ता उघडून पाहिला की त्यातले ओळीने बसलेले '२५' लगेच डोळ्यांत भरतात.

या पाहण्याचं कूळ एचटीटीपीपेक्षा जुनं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर जेमतेम ४०० यार्ड! प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन कारणाच्या मागे लागले. टीसीपीच्या अशा अभ्यासातूनच १९८८ मध्ये क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांच्यासोबत त्यांनी 'टीसीपीडंप' लिहिलं. तारेवरून जाणारं प्रत्येक पॅकेट ते ओळीओळीने छापायचं. सगळीच पॅकेटं उचलून आणायची तर यंत्राची दमछाक. म्हणून नको ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच गाळून टाकायची वेगवान पद्धत मॅककॅन आणि जेकबसन यांनी १९९३ मध्ये मांडली. माझ्या मते या घराण्याची खरी पुण्याई ती.

पुढे वेब आलं, तेही साध्या मजकुरात बोलणारं. टेलनेटने ८० नंबरच्या पोर्टला जोडून हाताने रिक्वेस्ट टाइप करता येई. १९९८ मध्ये पॅकेटं उलगडून दाखवणारं जेराल्ड कॉम्ब्झ यांचं 'इथरियल' आलं. २००६ मध्ये त्यांनी नोकरी बदलली, नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला आणि तेच सॉफ्टवेअर 'वायरशार्क' झालं. त्याच १९९८ च्या मार्चमध्ये स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांच्या अवजाराला 'कर्ल' हे नाव मिळालं. मुळात चॅटवरच्या एका बॉटला चलनाचे दर आणून द्यायला त्यांनी ते हाती घेतलं होतं. त्याला 'व्हर्बोज' व्हायला सांगितलं, की जाणाऱ्या हेडरच्या ओळीआधी > आणि येणाऱ्या ओळीआधी < दिसतं. एवढ्या दोन खुणांवर अर्धे वाद मिटतात.

दुसरी शाखा प्रॉक्सीची. २००२ चं 'चार्ल्स', २००३ चं एरिक लॉरेन्स यांचं 'फिडलर'. ही तारेला कान लावत नाहीत, आपल्याच मशीनवर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसतात. त्यामुळे रिक्वेस्ट अडवता येते, बदलून पुढे सोडता येते. २००६ मध्ये जो ह्यूइट यांच्या 'फायरबग'ने हे पाहणं थेट ब्राउझरमध्ये आणलं. आजचा एफ-१२ खालचा नेटवर्क टॅब त्याच वळणाचा. थोडक्यात, तारेवरची जागा सोडून पाहणारा पाठवणाऱ्याच्या घरात शिरला. मात्र या टॅबची सवय झालेल्यांना एक विसर पडतो: तिथे ब्राउझरच्याच रिक्वेस्ट दिसतात. आपला सर्व्हर पेमेंटच्या सर्व्हरला काय पाठवतो, हे तिथे शोधत बसणं फुकट.

एचटीटीपीएसने तारेवरचा मजकूर कुलूपबंद केला आणि प्रॉक्सीचं महत्त्व वाढलं. प्रॉक्सी स्वतःच प्रमाणपत्र बनवून ब्राउझरपुढे खरा सर्व्हर असल्याची बतावणी करते. आपण ते प्रमाणपत्र आपल्या मशीनवर मान्य करायचं. फिडलरच्या मूळ प्रमाणपत्राच्या नावातच 'डू नॉट ट्रस्ट' असं बजावलेलं असे. मान्य करायला लावणाऱ्याचा इतका प्रामाणिकपणा विरळाच. अँड्रॉइडने २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून हा दरवाजाही ओढून घेतला: वापरणाऱ्याने बसवलेलं प्रमाणपत्र नव्या आवृत्तीसाठी बांधलेली अ‍ॅप आपणहून मानत नाहीत. आपल्याच अ‍ॅपची रिक्वेस्ट पाहायची तर डीबग बिल्डपुरती तशी परवानगी सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावी लागते.