नकार कुठवर पोचतो

2025च्या जुलैत भाषेच्या वादावरून मीरा-भाईंदरच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मोर्चा काढला. अशा दिवसाबद्दल कुणी ‘सगळी दुकाने उघडली नाहीत’ असे लिहिले, तर एकही उघडले नाही असे समजायचे, की काही उघडली आणि काही नाही असे? 1987पासून तर्कशास्त्राच्या पायावर घडवलेल्या लोजबान भाषेत याचा नियमच ठरलेला आहे. क्रियावाचक शब्दाआधीचा ‘ना’ सबंध विधान नाकारतो. म्हणून तिथे अर्थ एकच, सगळी उघडली असे नाही. अर्थ तोच ठेवून नकार ‘सगळी’च्या पलीकडे सरकवायचा, तर ‘सगळी’चे ‘निदान एक’ करावे लागते. ‘नाहे’ हा वेगळा नकार मात्र फक्त पुढच्या शब्दापुरता असतो. या काटेकोरपणापुढे मराठी ढिली ठरते, असे वाटणे साहजिक आहे. मला ते पटत नाही.

हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. क्रियेला लागणारा नकार म्हणजे प्रसज्यप्रतिषेध आणि नामाला लागून ‘त्याहून वेगळे’ सांगणारा तो पर्युदास, अशी विभागणी मीमांसकांनी विधिवाक्यांचा अर्थ लावताना काटेकोरपणे वापरली. मराठीतही ती जिवंत आहे: ‘बिगरमराठी’ म्हणताना आपण माणूस नाकारत नाही, दुसऱ्या भाषेचा माणूस सांगतो. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘नाही’ आणि ‘नोहे’ (आजचे ‘नव्हे’) वेगवेगळी कामे करत. ‘हे पुस्तक नव्हे’ म्हणजे ही वस्तू पुस्तक नाही; ‘हे पुस्तक नाही’ म्हणजे ते इथे नाही. गोव्याच्या कोकणीत ‘ना’ आणि ‘न्हय’ आजही हा फरक पाळतात, आपण मात्र दोन्हीकडे ‘नाही’ चालवतो. मीरा-भाईंदरसारख्या बहुभाषिक शहरात याचा दोष हिंदीवर टाकणे सोपे आहे, पण ‘तो डॉक्टर नाही’ हे हिंदीपासून दूरच्या खेड्यांतही सर्रास बोलतात. ही सवय आपलीच.

कुणी म्हणेल, बोलताना आवाजाच्या आघाताने सगळे कळते. कळते, पण छापलेल्या ओळीला आवाज नसतो. तिथे ‘एकही दुकान उघडले नाही’ मधला ‘ही’ आणि ‘सगळीच काही उघडली नाहीत’ मधले ‘च काही’ कामाला येतात. या ‘काही’चा संख्येशी संबंध नाही, तो नकाराला ‘सगळी’च्या बाहेर ठेवतो. बातमीत जागा वाचवायला आधी हेच शब्द कापले जातात.