बदकांची अंडी आणि कॅल्शियम

अंड्याचे कवच सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असते. खाकी कॅम्पबेल जातीची मादी चांगल्या संगोपनात वर्षाला ३०० पर्यंत अंडी देऊ शकते. परसातील किडे, गोगलगायी, कोंडा व उरलेसुरले अन्न यांतून तिची कॅल्शियमची गरज सहसा भागत नाही. उणीव पडल्यास हाडांतील साठा वापरला जातो. परिणामी कवच पातळ वा मऊ होते, हाडे ठिसूळ बनतात आणि अंडे नलिकेत अडकून मादी दगावण्याचाही धोका असतो.

बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. कवचाचा बराचसा भाग त्याआधी रात्री, चरणे थांबलेले असताना तयार होतो. म्हणून बारीक भुकटीपेक्षा शिंपल्यांचा जाडसर चुरा अधिक उपयुक्त ठरतो. तो पेषणीत, म्हणजे स्नायुमय जठरात, रेंगाळून हळूहळू विरघळतो.

हा चुरा सर्वांच्या खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरील माद्या तो गरजेनुसार खातात. त्यांच्या आहारात साधारण ३ ते ३.५ टक्के कॅल्शियम लागते. पिलांना त्याच्या निम्मेही लागत नाही. अतिरेकाने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. उकळून, वाळवून भरडलेली अंड्यांची टरफलेही चालतात.

एवढे करूनही कवच सुधारले नाही, तर ‘ड’ जीवनसत्त्वाची किंवा फॉस्फरसची कमतरता, कडक उन्हाळा, वाढते वय अथवा रोग ही कारणे असू शकतात. अशा वेळी मात्रा वाढवण्यापेक्षा पशुवैद्यकाचा सल्ला घेणे इष्ट.